एक टाचणी कमी

"एकशे एकोणीस," ती पुटपुटली आणि डबी पुन्हा टेबलावर उपडी केली. तिसऱ्यांदा मोजल्या. एकशे एकोणीसच. टाचण्या हव्यात एकशे वीस.

खाली काम न्यायला आलेल्या गाडीवाल्याने हॉर्न वाजवला. टेबलावर तिची आठ महिन्यांची मेहनत पसरली होती. भिंतीवर लावायची गोधडी. फिकट राखाडी, गंजका तांबडा, आणि मधून गेलेली काळ्याची वाकडी वाट. घर नाही, झाड नाही, काही म्हणजे काही नाही. पहिल्यांदाच तिचं काम मोठ्या प्रदर्शनासाठी निवडलं गेलं होतं. गेल्या वर्षी तिथे कुणाच्या तरी कामात टाचणी राहिली आणि उलगडणाऱ्या बाईच्या बोटात घुसली. काम त्याच दिवशी परत आलं. करणारीला पुन्हा कुणी बोलावलं नाही.

फरशी झाडून झाली. गोधडीवरून लोहचुंबक फिरवून झालं, पण एवढ्या जाड कापसातून ते काय ओढणार, कपाळ!

मोजून लावायची, मोजून काढायची, ही शिस्त अप्पांची. तिचे वडील खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. चाळीस वर्षं शिंपीकाम केलेला माणूस. तीन वर्षांपूर्वी काचबिंदूने दोन्ही डोळे गेले. तेव्हापासून ते याच खोलीत तिच्या मशीनचा आवाज ऐकत बसायचे आणि मध्येच विचारायचे, "काय काढतेयस गं?"

"अॅबस्ट्रॅक्ट आहे, अप्पा. त्यात काय सांगणार!" ती म्हणायची. हात लावू का, असंही त्यांनी दोनदा विचारलं. फिकट कापड आहे, डाग पडतील, म्हणून तिने नको म्हटलं. मग त्यांनी विचारणंच सोडलं.

गाडीवाला आता जिना चढून दारात आला. "ताई, पाच मिनिटं. मग मी निघालो बघा. अजून चार घरं घ्यायचीत."

पाच मिनिटांत उसवून काय होणार? ती अप्पांकडे वळली. "अप्पा, टाचणी आतच राहिलीय. तुमच्या बोटांना लगेच कळेल. बघता का?"

"माझे हात चालतील?"

"चालतील हो! फक्त आधी धुऊन या."

"धुतलेत."

ती त्यांना धरून टेबलापाशी घेऊन आली. अप्पांनी दोन्ही तळवे गोधडीच्या कोपऱ्यावर ठेवले आणि बोटाबोटाने पुढे सरकू लागले. एक पट्टी, मग दुसरी.

"आजोबा, जरा उरका की," गाडीवाला म्हणाला.

"घाईत शिवलेली विजार बसताना उसवते, बाबा," अप्पा म्हणाले आणि होते त्याच चालीने पुढे गेले.

काळ्या वाटेवर त्यांची बोटं थांबली.

"सापडली?"

"नाही. इथे तू तीनदा उसवलंयस."

"चारदा."

"आणि इथून पुढे सुटलीस. टाके कसे मोकळे झालेत बघ."

त्या जागेवर ती दोन महिने अडली होती आणि ते कुणालाच दिसलं नव्हतं. पण आता हे बोलायची वेळ नव्हती. अप्पा शेवटच्या काठापर्यंत गेले, अस्तरावरूनही हात फिरवला आणि ताठ उभे राहिले.

"यात टाचणी नाही."

"नक्की ना, अप्पा? माझं नाव जाईल हो."

"माझ्या शब्दावर पाठव."

तिने क्षणभर गोधडीवर हात दाबून धरला. मग गुंडाळली, बांधली आणि गाडीवाल्याच्या हातात दिली. गाडी सुरू झाली, कोपऱ्यावर वळली. आवाज थांबला तशी ती मटकन खाली बसली.

"पण मग गेली कुठे मेली?"

अप्पांनी सदऱ्याची कॉलर उलटी केली. आतल्या बाजूने एक टाचणी ओढून काढली, चाचपडत डबी शोधली आणि तिच्यात टाकली.

"एकशे वीस," ते म्हणाले. "रागाव हवं तर. पण गोधडी जायच्या आधी मला एकदा बघायची होती गं."