बाबा कामात आहेत

पंखे फिरले, दिवा लागला, पण स्क्रीन काळी ती काळीच. सुनेने कॉम्प्युटर बंद केला, मनात दहापर्यंत आकडे मोजले आणि पुन्हा चालू केला. पंखे पुन्हा झोकात फिरले. त्यांना काय, फिरायचंच काम.

जेवणाच्या टेबलावर सकाळपासून रिकामे खोके, प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि एका वाटीत स्क्रू असा पसारा होता. यातला एकेक भाग तिने स्वतः निवडला होता, तीन आठवडे याद्या करून, खोडून, पुन्हा करून. कॅबिनेट साधं, प्रोसेसर बेताचा, रॅम मात्र भरपूर, कारण इमारतींचे नकाशे काढायला ती लागते. सासऱ्यांनी एकच सल्ला दिला होता. "बाकी कशातही हात आखडता घे, पॉवर सप्लायमध्ये नको." चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केलेला माणूस सांगतोय म्हटल्यावर तिने तेवढं ऐकलं होतं.

उद्या सकाळी दहाला नव्या ऑफिसची चाचणी होती. घरी बसून, आपल्याच कॉम्प्युटरवर एक नकाशा काढून पाठवायचा. काम सोडल्यानंतर सहा वर्षांनी आलेली पहिली संधी. नवरा म्हणाला होता, दुकानातून जोडूनच आणू. तेव्हा ही तोऱ्यात म्हणाली होती, "मी जोडणार." आता तोंडघशी पडायची वेळ आली होती.

तिने रॅम काढून परत बसवली. स्क्रीनची वायर बदलून पाहिली. ढिम्म. तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला.

"झाला का सुरू?"

"पंखे फिरतायत."

"पंखे आपल्याकडे होतेच की गं." तो हसला, आणि मग जरा मऊ आवाजात म्हणाला, "संध्याकाळी दुकानवाल्याला घेऊन येतो. नाहीतर बाबांना विचार ना, घरातच आहेत."

घरात होते खरे. सासरे म्हणजे कुणाच्याही हातातला स्क्रू ड्रायव्हर काढून घेणारा माणूस. एकदा दात काढायला गेले होते, तर डॉक्टर सुई भरेपर्यंत खुर्चीचा ढिला नट आवळून मोकळे झाले. आज सकाळीही ते तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसले होते. अकराच्या सुमारास त्यांनी कॅबिनेटमध्ये वाकून पाहिलं, घसा खाकरला, आणि उठून स्वयंपाकघरात गेले ते गेलेच.

"बाबा!" तिने हाक मारली. "जरा येता का?"

"मी कामात आहे!" आतून आवाज आला.

बाबा, आणि स्वयंपाकघरात कामात! नको तिथे नाक खुपसणारा माणूस नेमका गरजेला पाठ फिरवून बसला होता. तिला रागही आला आणि रडूही आलं.

मग तिने डोळे पुसले आणि जे आपल्याला येतं तेच करायला घेतलं. मदरबोर्डचा खोका उलटा केला, पेन्सिल घेतली, आणि कॅबिनेटच्या आतला नकाशा काढायला बसली. प्रत्येक भागाला एक चौकोन, प्रत्येक वायरला एक रेघ. अंदाजाने काही काढायचं नाही, वायरवरून बोट फिरवायचं आणि मगच रेघ मारायची, ही जुन्या ऑफिसातली शिस्त. वीस मिनिटांनी नकाशा पुरा झाला. प्रोसेसरजवळ, मदरबोर्डच्या वरच्या कोपऱ्यात, एक चौकोन एकटा राहिला होता. त्याच्याकडे एकही रेघ जात नव्हती.

प्रोसेसरला वीज देणारी त्याची वायर कॅबिनेटच्या मागच्या बाजूला निवांत लोंबत होती. तिने ती पुढे ओढली आणि बसवली. खट्ट. बटण दाबलं. पंखे फिरले, आणि काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं उमटली.

ती धावतच स्वयंपाकघरात गेली. "झाला! सुरू झाला!"

"वरच्या कोपऱ्यातली वायर ना?" सासरे पटकन बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

त्यांच्यापुढे वर्तमानपत्र पसरलं होतं, आणि त्यावर सोललेल्या लसणाचा हा एवढा ढीग. शेजारी पातेलंभर मटार, तोही सोललेला.

"तुम्हाला माहीत होतं?"

उत्तर ओट्यापाशी उभ्या असलेल्या सासूबाईंनी दिलं. "अकरा वाजल्यापासून! आत आले आणि म्हणाले, मला काहीतरी काम दे, नाहीतर मी जाऊन सांगून टाकीन. तीनदा उठले गं. तिन्ही वेळा हातात लसणाचा गड्डा दिला. आता एवढा लसूण कोण खाणार, तेही यांनाच विचार."

"दोनदाच उठलो," सासरे सालं गोळा करत पुटपुटले. "हाक मारलीस तेव्हा मात्र जड गेलं."

तिचं ते "मी जोडणार" त्यांनी तिच्याहून जास्त मनावर घेतलं होतं. एवढं मोठं काहीतरी कुणी आपल्याला देत होतं, आणि आपण त्याच माणसावर चिडून बसलो होतो.

"बाबा," ती म्हणाली, "कॅबिनेटचं झाकण लावायचंय. चार स्क्रू आहेत."

वाक्य पुरं व्हायच्या आत ते उठले. "अहो, हात तरी धुवा!" सासूबाई ओरडल्या, पण ते केव्हाच टेबलापाशी पोचले होते.

दुसऱ्या दिवशी बरोबर दहाला ती चाचणीला बसली. कॉम्प्युटरला लसणाचा सणसणीत वास येत होता. तिने तो छातीभर घेतला आणि पहिली रेघ मारली.