मावशीचे व्हॉल्व्ह

“हे विमान उडायच्या आधी शेवटचा हात कुणाचा फिरतो?” मॅडमनी विचारलं आणि उस्तादांनी हातातला पाना खाली ठेवला.

“माझाच,” ते म्हणाले. उस्ताद या हँगरचे हेडमेकॅनिक. मॅडम हवाईदलाच्या मुख्यालयातल्या. कुठल्या तळाला कुठला सुटा भाग किती लागतो, हे संगणकावर मांडून त्या पुरवठा ठरवत. अशी बाई स्वतः हँगरमध्ये उगवते, ती काही चहा प्यायला नाही. चोराच्या मनात चांदणं!

चोरी तशी घरातलीच होती. ब्रेकचे व्हॉल्व्ह झिजायचे. नवा मागितला की महिनोन्महिने वाट बघायची. इकडे साहेबांचा हुकूम, विमान उभं राहता कामा नये. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना. मग एकदा कोपऱ्यातल्या जुन्या, बंद विमानाचा व्हॉल्व्ह काढून चालू विमानात बसवला. विमान उडालं. उडालं म्हटल्यावर मागणी कशाला? ती रद्द झाली. पुढे तेच अंगवळणी पडलं. त्या जुन्या विमानाला हाताखालची पोरं मावशी म्हणायची. माय मरो पण मावशी जगो म्हणतात. इथे मावशीच मरत होती आणि तिच्या जिवावर बाकीची सगळी उडत होती.

मागणी येत नाही म्हणून संगणकाने या तळाचे व्हॉल्व्ह बंदच करून टाकले. वर काटकसरीबद्दल शाबासकी मिळाली, ती वेगळीच. आता मावशी पार रिकामी झाली होती. उतरलेल्या विमानाचा व्हॉल्व्ह काढायचा आणि उडणाऱ्यात घालायचा, असा खेळ चालला होता. काढघालीत तो आणखी झिजायचा. विमान धावपट्टीवर टेकून थांबेपर्यंत उस्तादांच्या जिवात जीव नसायचा. पण तोंड उघडायचं कसं? परवानगीशिवाय भाग हलवणं हा गुन्हा. हाताखालच्या पोरांच्या नोकऱ्या गेल्या असत्या.

“एक व्हॉल्व्ह दाखवता?” मॅडम म्हणाल्या.

उस्तादांनी नुकताच काढलेला व्हॉल्व्ह पुढे केला. मॅडमनी त्याच्या रबरी कडेवरून अंगठा फिरवला. कड खडबडीत लागली. त्यांचा चेहरा उतरला. आता संपलंच, असं उस्तादांना वाटलं.

“तीन वर्षांत तुम्ही असा एकही मागवला नाही,” त्या म्हणाल्या. “पण व्हॉल्व्हवरच्या झाकणाचे स्क्रू सगळ्या तळांपेक्षा जास्त तुम्हालाच लागतात. झाकण उघडलं की स्क्रू नवे लावता ना?”

“हो.”

“आत काही बिघडतच नाही, तर झाकण सारखं कशाला उघडता?”

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थोडंच राहतं! उस्तादांनी टोपी काढून हातात घेतली.

“सगळं माझं काम आहे, मॅडम. पोरांचं नाव घेऊ नका. मी सांगितलं ते त्यांनी केलं.”

“नाव कुणाचंच येणार नाही. चूक आमच्या गणिताची आहे. मागितलं नाही म्हणजे लागलं नाही, असं ते धरून बसलं होतं. आता एका विमानातला भाग दुसऱ्यात गेला की ती मागणीच धरली जाईल. तुमच्या साहेबांशी बोलणं झालंय. फक्त यापुढे लपवू नका.”

बाहेर उभ्या गाडीतून त्यांनी खोकं आणवलं. आत नवेकोरे व्हॉल्व्ह होते, प्रत्येक विमानापुरते आणि वर थोडे शिलकीला. पोरं खोक्याभोवती गोळा झाली. एक जण म्हणाला, “मावशीला एक परत देऊ या रे, फार सोसलं बिचारीने.” सगळे हसले. उस्तादांना हसू येईना. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी पुसलंही नाही.

“फार मोठं ओझं उतरवलंत, मॅडम. तुमचे उपकार कसे फेडू?”

“उपकार माझे नाहीत हो.” मॅडमनी त्यांचा ग्रीसने माखलेला हात दोन्ही हातांत धरला. पांढऱ्या बाहीला डाग लागला, तरी सोडला नाही.

उस्ताद गोंधळले. “पण एवढे तळ, एवढे भाग. त्यात आमचे स्क्रूच कसे तुमच्या नजरेत भरले?”

“बाकीच्या तळांची माहिती संगणक वाचतो. तुमच्या तळाची ओळ न ओळ मी स्वतः वाचते.” त्या धावपट्टीकडे बघू लागल्या. “तुम्ही इथून अंगठा दाखवलात की जी उडते ना उस्ताद, आणि रोज सुखरूप परत येते, ती माझी लेक आहे.”