हिरवा दिवा

अण्णांच्या टीव्हीच्या मोठ्या आवाजापायी घरादाराचे कान किटले, तेव्हा लेकीनेच एक छोटी डबी आणून टीव्हीला जोडली. आवाज थेट त्यांच्या कानातल्या श्रवणयंत्रांत जायचा आणि टीव्ही मुका राहायचा. यंत्रं जोडलेली असली, की डबीवर हिरवा दिवा लागायचा.

"अगं, तू पण बस ना," अण्णा लेकीला म्हणायचे.

मुक्या टीव्हीसमोर कोण बसणार? अण्णा एकटेच बघायचे, एकटेच हसायचे.

अण्णा गेले. लेकीने यंत्रांतले सेल काढून सगळं कपाटात ठेवून दिलं.

आज तिने सहज टीव्ही लावला, तर डबीवर हिरवा दिवा. तिने धावत जाऊन कपाट उघडलं. यंत्रं जागच्या जागी होती, सेलही शेजारीच.

टीव्ही बंद करायला तिने रिमोट उचलला, पण हात धजेना. डबी आणल्यापासून पहिल्यांदाच ती अण्णांच्या रिकाम्या खुर्चीशेजारी येऊन बसली.

"चुकलंच माझं, अण्णा," ती पुटपुटली. "होऊ दे मोठा आवाज."

रिमोट तिच्या मांडीवर नुसता पडला होता. पडद्यावर आवाजाची पट्टी उमटली आणि अण्णा वाढवायचे तशीच, थांबत थांबत, एकेक घर पुढे सरकू लागली.