सातवी ओळ

"नाव मोठं पायजे," सरूबाई म्हणाली. "रस्त्याच्या पल्याड उभं राहिलं तरी दिसाया पायजे."

सोपानरावांनी तिच्या हातातली चिठ्ठी घेतली. पिंपरी कॅम्पातल्या इनायतभाईंच्या छापखान्यात ते एकवीस वर्षं खिळे जुळवत होते. नाव मोठं हवं, असं प्रत्येक गिऱ्हाईक म्हणतंच. लग्नपत्रिकेत मामाचं नाव काकापेक्षा बारीक आलं म्हणून मांडवात झालेले रुसवे त्यांनी ऐकले होते. ही चिठ्ठी मात्र शोकसभेची होती. तिचा नवरा कोंडीराम ओव्हाळ, वय छत्तीस, भट्टीवरच्या अपघातात निधन. सभा उद्या सकाळी, पहिल्या शिफ्टच्या वेळी, कारखान्याच्या गेटसमोर.

"छत्तीस पॉइंटाचा टाइप घालतो. ठळक दिसेल."

"त्याच्याहून मोठं न्हाई का?"

"आहे. अठ्ठेचाळीस."

"मग त्येच घाला."

मागे मशीन पुसत असलेले इनायतभाई म्हणाले, "बाई, एवढ्या अक्षरात आम्ही पुढाऱ्यांची नावं छापतो."

सरूबाईने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. "बारीक अक्षरानंच गेले ते," ती म्हणाली.

इनायतभाईंचा हात थांबला.

"पॅकिंगमधनं काढून भट्टीवर घातलं. आठच दिस झालं व्हते. काम कुणी शिकवलं न्हाई. भिताडावर कागद लावलाय, त्यो वाचून घे म्हनले. ह्यांनी वाचला की! घरी येऊन मला घडाघडा म्हनून दावला. सहा गोष्टी हायेत म्हनले. त्याच्या खाली मुंग्यांची रांग हाय, ती काय लागंना." तिने पदर सावरला. "आता सायेब म्हंत्यात, कागदावर समदं छापलंय, कोंडीरामनं वाचलं न्हाई, चूक त्याची. सगळी वस्ती तेच बोलतीया. पोरगी साळंतनं रडत आली."

सोपानराव उठले. छापलेल्या प्रत्येक कामाची एक प्रत तारेत ओवून ठेवायची, ही त्या छापखान्याची रीत होती. त्यांनी तार खाली घेतली. तीन महिन्यांपूर्वीचा कागद शोधायला त्यांना वेळ लागला नाही.

वर कारखान्याचं चिन्ह. त्याखाली मोठ्या काळ्या टाइपात मालकांचं, यशवंतराव साहेबांचं नाव. मग 'भट्टीवरील कामगारांसाठी सूचना'. सहा सूचना बारा पॉइंटात. सातवी सहा पॉइंटात.

त्यांना सगळं आठवलं. कारखान्याचा माणूस प्रूफ घेऊन परत आला होता. साहेबांचं नाव वाढवा, सगळं एकाच पानात बसवा, एवढंच म्हणाला होता. कोणती ओळ बारीक करायची, हे त्याने सांगितलं नव्हतं. ते सोपानरावांनीच ठरवलं. सातवी शेवटची होती, म्हणून सातवी. एक शब्दही न कापता पान बसलं, याचा त्यांना त्या दिवशी आनंद झाला होता. सहा पॉइंटाचे खिळे ते उलटे, उजवीकडून डावीकडे, बोटांनीसुद्धा वाचत. ती ओळ कुणाला दिसणार नाही, असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

'साचा ओलसर असल्यास वितळलेला धातू ओतू नये.'

"ह्यांनी वल्या साच्यातच वतला, त्यो उसळून अंगावर आला," सरूबाई म्हणाली. तो कागद कसला आहे हे तिला ठाऊक नव्हतं. ती तिचं तिचंच बोलत होती.

सोपानरावांनी खिळे जुळवायची स्टिक हातात घेतली. आधी कोंडीरामचं नाव जुळवलं. मग चिठ्ठीतला मजकूर. मग सहा पॉइंटाच्या खिळ्यांची कप्पेवाली केस ओढली आणि ती सूचना, होती तशीच, त्याच आकारात लावली. तिच्याखाली बारा पॉइंटात आणखी एक ओळ आली. ती चिठ्ठीत नव्हती.

ते पुन्हा अठ्ठेचाळीस पॉइंटाच्या केसकडे वळले. त्या टाइपात एकेक अक्षर मोजकंच होतं. काने संपले होते. स तर एकच होता. तो कारखान्याच्या वर्धापनदिनाच्या पोस्टरमध्ये होता. खिळे जुळवून बांधून ठेवलेला तो फर्मा संध्याकाळी छापायचा होता. सोपानरावांनी त्याची दोरी सोडली. 'साहेब'मधला स काढला, मग काने काढले.

"सोपानराव!" इनायतभाई पुढे आले. "अहो, ते पोस्टर आज द्यायचंय. कारखान्याचं काम हातचं जाईल आपल्या. तुमची नोकरीसुद्धा."

"जाईल."

इनायतभाई वाकले. त्यांनी उलटे खिळे सावकाश वाचले. बारीक ओळ, तिच्याखालची ओळ आणि शेवटची मोठी ओळ. मग त्यांनी शाईचा डबा उघडला.

"छापखान्याचं नाव मात्र कायद्यापुरतं, कोपऱ्यात, बारीकच घाला," ते म्हणाले. "बाल-बच्चेवाला माणूस आहे मी."

पहिला कागद ओला असतानाच सरूबाईने दोन्ही हातांवर घेतला. तिला वाचता येत नव्हतं. वरच्या मोठ्या अक्षरांवरून, शाईला न टेकवता, तिने बोट फिरवलं.

"ह्ये ह्यांचं नाव?"

"हो. कोंडीराम ओव्हाळ."

बोट खाली आलं. "ही मुंग्यांची रांग?"

"तीच. तिच्याखाली लिहिलंय, ही सूचना इतकी बारीक कुणी जुळवली ते."

तिचं बोट शेवटच्या ओळीवर थांबलं. ती अक्षरं कोंडीरामच्या नावाएवढीच होती.

"आन् ह्ये खालचं नाव कुणाचं?"

"माझं," सोपानराव म्हणाले.