सुपारी फुटण्याआधी

"मना खरा सांग, दामाजी. फाउंड्रीत काय भानगड नाय ना?"

ओटीवर कोळीवाड्यातली जाणती माणसं सुपारीच्या तबकाभोवती बसली होती. दामाजीच्या भाच्याला, जगनला, गोमाजी आपली लेक मालू देत होता. एकदा सुपारी फुटली की मागे फिरणं नाही, म्हणून तो दामाजीला मागच्या पडवीत घेऊन आला होता. दोघं एकाच होडीत खेळून वाढलेले. विचारायचं तर आणखी कुणाला?

जगन माजिवड्याच्या कंपनीत फाउंड्रीत होता. दामाजी त्याच कंपनीत कामगारांनी निवडून दिलेला प्रतिनिधी. कंपनीचं पुढचं ठरवायला तो साहेबांच्या शेजारी खुर्चीवर बसायचा. कोळीवाड्याला त्याचा केवढा अभिमान!

त्याच खुर्चीवर त्याला कळलं होतं. ठाण्यातल्या कंपन्या एकेक करून बाहेर पळत होत्या, आता यांचीही फाउंड्री दिवाळीनंतर बंद होऊन सिल्वासाला जाणार होती. दामाजी हटून बसला. निम्मी माणसं इथल्याच मशीन शॉपमध्ये घ्यायचं त्यानं कबूल करून घेतलं. साहेबांनी एकच अट घातली. तोवर बाहेर चकार शब्द गेला, तर कबूल केलेलंही रद्द. दामाजीनं शब्द दिला. बायकोलाही काही सांगितलं नाही. फक्त एकाच्या कानात बोलला. रक्ताचा होता, राहवलं नाही.

आता बोलावं तर निम्म्या लोकांच्या पोटावर पाय, न बोलावं तर ज्या मालूला त्यानं खांद्यावर घेऊन जत्रा दाखवली, तिच्या संसारात माती. आणि सोयरीक मोडली तर बहीण काय म्हणेल, हेही मनात आलंच. त्याची त्यालाच लाज वाटली.

"कंपनी पक्की हाय," तो म्हणाला. "दे खुशाल पोर."

गोमाजी म्हणाला,

"फाउंड्री बंद होणार, ता जगन पोर बघाया आला तवाच बोलला. खरा बोलला, म्हणून तर त्याला पोर देतंय."

दामाजीची मान वर होईना.

"बोलला, मामानं मना सांगितलाय, पण तुमाला नाय सांगणार." गोमाजीनं डोळे पुसले. "मी हसलो त्याला. बोललो, पोरा, तू दामाजीला वळखत नाय."