समाधानी ग्राहक

कालिंदीबाईंनी काउंटरवरच्या गोळ्या-बिस्किटांच्या बरण्या बाजूला सारल्या आणि तनुजानं तिथं लॅपटॉप मांडला. पडद्यावर दिल्लीच्या स्पर्धा आयोगाचे साहेब दिसू लागले. घरपोच सामान देणारी ऑनलाइन कंपनी खरेदीपेक्षाही कमी भावात माल विकून पुंडलिकनगरातली दुकानं बसवते आहे, अशी कालिंदीबाईंची तक्रार होती. चौकशी लागली तर दुकान तगेल, नाहीतर दिवाळीनंतर शटर ओढायचं, हे त्यांनी मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

तनुजा वकील, गल्लीतलीच. लहानपणी याच बरण्यांतली गोळी उचलून पळायची. आज मात्र ठासून बोलली. कालिंदीबाईंना इंग्रजी कळलं नाही, पण भरून आलं.

मग कंपनीचे वकील बोलायला लागले. आवाज अगदी मऊ. तेल, साखर, चहा, वर्षभर कालिंदीबाईंनी आपल्याच दुकानासाठी काय काय मागवलं, ते त्यांनी पडद्यावर दाखवलं. मागवलं होतं याच कंपनीकडून. "या बाई तर आमच्या समाधानी ग्राहक आहेत," ते हिंदीत म्हणाले. "यांचं नुकसान झालं तरी काय?"

तनुजानं मान वळवली. "मावशी, हे मला बोलला नाहीत तुम्ही."

"त्यात काय बोलायचं? मला ज्या भावात माल मिळायचा, त्याहून स्वस्त हे लोक गल्लीत विकायलेत. मग मी घेऊ कुठून? हेच तर सांगायलोत की आपण त्यांना."

तनुजानं ते घाईघाईनं मांडलं. साहेबांनी ऐकून घेतलं. गिऱ्हाइकाला स्वस्त मिळतंय, यात तोटा कुणाचा, असं त्यांनी विचारलं आणि निकाल राखून ठेवला. लॅपटॉप मिटताना तनुजा "बघू" म्हणाली, पण कालिंदीबाईंकडं न बघता.

"झालं का तुमचं कोर्ट?" बाकड्यावर बसलेल्या मालनबाई म्हणाल्या. "मला तेल द्या, कढई तापायली घरी."

"येतंय."

तेवढ्यात युसूफभाईंची मोटारसायकल थांबली. पूर्वी ते जुन्या मोंढ्यातल्या घाऊक एजन्सीचा माल दुकानात आणायचे. टेम्पोतून उतरले की आधी पाणी, मग भावावरून वाद, मग चहा. हॉर्नवरून कालिंदीबाई आधण ठेवायच्या. एजन्सी बंद पडली. आता त्यांच्या पाठीवर कंपनीची पेटी होती आणि दाढी पांढरी झाली होती.

"पानी तो पिओ, युसूफभाई."

"आज नहीं भाभी, टाइम चालू है. ओटीपी बोलो."

कालिंदीबाईंनी आकडे सांगितले. युसूफभाईंनी ते मोबाइलमध्ये घातले, तेलाची कागदी पिशवी काउंटरवर ठेवली, सलाम केला आणि ते गेले.

कालिंदीबाईंनी तेलाचे पुडे फळीवर लावले. एक मालनबाईंसाठी ठेवला. मग कंपनीची कागदी पिशवी घेऊन ती सावकाश, कुठं फाटू न देता उलटी केली. वर छापलेलं कंपनीचं नाव आत गेलं. त्यात तेलाचा पुडा घातला आणि पिशवी मालनबाईंच्या पुढं केली.