उठवायचं नाही

"मेला वाटतं हा," सोइला म्हणाली.

पडवीतल्या कपडे वाळत घालायच्या तारेवर किंदे, म्हणजे फुलांतला मध पिणारा हमिंगबर्ड, बसला होता. पिसं फुगलेली, चोच आभाळाकडे. एरवी हा एवढासा पक्षी एका जागी ठरेल तर शपथ. पंख दिसतसुद्धा नाहीत, नुसता भणभणाट. आता तिनं बोट लावलं तर गार दगड.

"आत नेते. चुलीपाशी ठेवते."

"हात काढ!" खाटेवरून तिचा बाप सेगुंदो ओरडला. म्हाताऱ्याचं कमरेखालचं अंग गेलं होतं. आवाज मात्र समोरच्या डोंगरापर्यंत जायचा. "मेला नाहीये तो. झोपलाय."

"अशी असते होय झोप, ताइता?"

"आठ महिने इथं पडून बघतोय मी. पोरी, तुला कुठं वेळ आहे बघायला? दिवसभर हा खातो. शंभरदा खातो. आपल्या झुडपावर दुसरा आला की चोच उगारून धावतो, मग तो सख्खा भाऊ का असेना. आणि थंडी पडली की सगळं बंद. अंगातली चूलच विझवून टाकतो. ऊन आलं की आपली आपण पेटवतो. मधेच कुणी उठवलं तर जे काय उरलंय ते उठण्यातच जळणार. मग फुलापर्यंत पोचतच नाही."

"बरंय त्याचं," सोइला म्हणाली. "त्याला गाय नाही. बाप नाही."

"बाप असेल की. हा त्याच्या उशाशी बसत नसेल."

ती हसली नाही. तीन रात्री म्हाताऱ्याचा खोकला चालू होता आणि तीन रात्री ती बसून होती. दर दोन तासांनी त्याला कुशीवर वळवायचं, पाठ चोळायची, पहाटे चारला गाय. आज तिनं जवाच्या पेजेत गुळाऐवजी मीठ टाकलं होतं. दोघांनी ती तशीच पिऊन टाकली.

ऊन तारेपर्यंत आलं. किंदे थरथरायला लागला, आधण आलेल्या भांड्यावरच्या झाकणासारखा. बघायला म्हणून सोइला बटाट्याच्या पोत्यावर टेकली. थरथर वाढली, वाढली, आणि भुर्रकन तो चुकिरागुआच्या झुडपावरच्या नारिंगी फुलांवर गेलासुद्धा.

"बघितलंस?" सेगुंदोनं विचारलं.

तिचं डोकं भिंतीला टेकलं होतं. तोंड उघडं. एक हात पोत्यावरून खाली लोंबत होता.

सेगुंदोला लघवी लागली होती. हाक मारायला त्यानं तोंड उघडलं, आणि मिटलं. लघवीचा डबा तिच्या डोक्यामागच्या खिळ्याला होता. खाटेशी ठेवलेल्या काठीनं ओढला असता तर पत्र्याचा आवाज झाला असता.

तेवढ्यात फाटकातून शेजारची देलिया आली, चारशे कोंबड्यांचा कलकलाट एकटीच करत. "सोइला! अगं ए सोइला! दुधाची गाडी वरच्या वळणावर आली! अगं..."

"श्श!" सेगुंदोनं काठी उगारली.

देलिया थबकली. "आई गं. काय झालं हिला?"

"झोपलीये."

"आत्ता? उजाडल्यावर?" देलिया कुजबुजली, पण तिची कुजबुजसुद्धा शेजारच्या शेतात ऐकू जाईल अशी. "आणि दूध?"

"कॅन तिथं आहे. उचल."

"मी? ताइता सेगुंदो, माझी कंबर..."

"सान पेद्रोच्या जत्रेत तीन दिवस नाचत होतीस. तेव्हा कुणाची कंबर लावली होतीस?"

देलियानं डोळे मोठे केले. मग सोइलाकडे बघितलं. तिच्या लोंबणाऱ्या हाताकडे, घोट्यावरच्या सुजेकडे. आणि कॅन उचलला.

"तुम्हाला काही हवंय?" जाता जाता तिनं विचारलं.

"मला काय हवं असणार," सेगुंदो म्हणाला. देलियाकडे डबा मागण्यापेक्षा त्याला मरण चाललं असतं.

ती गेली. खाली रस्त्यावर गाडीनं हॉर्न दिला. सेगुंदोनं दातओठ खाल्ले. सोइलानं नुसती मान वळवली.

ऊन पुढे सरकलं आणि थेट तिच्या डोळ्यांवर आलं. तिथलं ऊन म्हणजे चटकाच. तिच्या पापण्या हलायला लागल्या. म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढली, काठीच्या टोकाला अडकवली आणि काठी लांब धरली. सावली तिच्या हनुवटीवर पडली. जरा वर केली. आता बरोबर डोळ्यांवर.

थोड्या वेळानं हात भरून आला. मग कापायला लागला. काठी सावरायची की दुसरं काही, दोन्ही जमेना. त्यानं काठी सावरली.

सोइला जागी झाली ती दचकूनच. "किती वाजले? दूध? तुमची गोळी! ताइता, हाक का नाही मारलीत?"

"मारली असती तर उठली असतीस."

तिला टोपी दिसली. काठी दिसली. काठीमागचा थरथरता हात दिसला. मग वास आला.

"चादर..."

"ओली झालीये. मघाशीच. ओली चादर काय पळून जातीये?"

उठायला म्हणून सोइलानं दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवले. तशीच थांबली. मग हात काढून घेतले आणि पाठ पुन्हा भिंतीला लावली.

"पाचच मिनिटं," ती डोळे मिटून म्हणाली.

"दहा घे," म्हातारा म्हणाला, आणि त्यानं काठी दुसऱ्या हातात घेतली.